रातांधळेपणा, रंगमंच आणि एक लेखी अर्ज

नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गाच्या परीक्षा-प्रयोगात मला भूमिका मिळाली नाही. कारण तोंडी सांगितलं गेलं, "ब्लॅकआऊटमध्ये तुला दिसत नाही. पडलीस तर जबाबदारी कुणाची? तू पार्श्वसंगीत सांभाळ." ब्लॅकआऊट म्हणजे प्रयोगात मधेच सगळे दिवे मालवून केलेला अंधार. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही मानते. पण अभिनयाच्या प्रात्यक्षिकाचे गुण भूमिकेवर मिळतात आणि मी मुरगूडहून कोल्हापूरला आले होते ती अभिनय शिकायला. ती भूमिका शेवटी मी केली. मधल्या काळात काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण नाटक, गाणं, नृत्य शिकणारी बरीच मुलंमुली मला हेच विचारतात.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं आकसत जातं. समोरचं मात्र बराच काळ नीट राहतं, पाईपातून पाहावं तसं. म्हणजे मी संहिता वाचू शकते, समोरच्या नटाच्या कपाळावरची आठी मला दिसते, पण विंगेतून कुणी अचानक आलं तर कळत नाही. आणि भर प्रकाशातून एकदम अंधार झाला की कितीतरी वेळ काहीच उरत नाही.

हे लोकांच्या पचनी पडत नाही. "वाचतीस की चांगलं, मग अपंग कशी?" हा प्रश्न गल्लीतही आला आणि कॉलेजातही. कायद्याने मात्र याचा विचार केलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अल्पदृष्टी दोन तऱ्हांनी मोजली जाते. एक, अक्षरांच्या तक्त्यावर किती लांबचं वाचता येतं. दुसरी, दृष्टीचं क्षेत्र किती अंशांचं आहे. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र 40 अंशांहून कमी, 10 अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. 10 अंशांच्याही आत गेलं तर अंधत्व. माझ्यासारख्यांनी ही दुसरी बाब तपासणीत आवर्जून सांगावी. मी खाजगी डॉक्टरांकडून पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजायची तपासणी, करून त्याचा रिपोर्ट घेऊनच सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, गेले, त्यामुळे बोलणं थेट मुद्द्यावर आलं. पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं, पिवळ्या पट्टीचं, म्हणजे 40 ते 80 टक्क्यांच्या मधल्या अपंगत्वाचं.

प्रवेशाचं फार लांबवत नाही. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात, कमाल वयातही 5 वर्षांची सूट मिळते. लेखी पेपरलाही त्रास झाला नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, आणि परीक्षा विभागाला ते तोंडपाठ होतं. जे लिहिलेलं आहे ते मिळतं, हे मला तिथं समजलं. अडचण तालमीच्या हॉलमध्ये सुरू झाली, कारण त्या हॉलबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलेलं नव्हतं.

कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. ते मी कार्यालयात मागितलं. एक पान मिळालं: रॅम्प, तळमजल्यावरचा वर्ग, लेखनिक. सगळं बाकावर बसून पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं. आमच्या कॉलेजात निम्मं शिक्षण उभ्याने, अनवाणी, दिव्यांच्या झोतात चालतं. रंगमंच, नेपथ्य, वेशभूषेची खोली, तालमीची वेळ यांवर एक ओळही नव्हती.

मग मी कलम 16 वाचलं. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे शिक्षणात योग्य ते फेरबदलही करायचे, असं त्यात आहे. व्याख्यांच्या कलमात तर असे फेरबदल नाकारणं हाच भेदभाव धरला आहे. हे वाचल्यावर मी अर्ज लिहायला घेतला. कार्यालयातल्या क्लार्क मावशींनी कच्चा मसुदा पाहिला आणि म्हणाल्या, "पोरी, नुसतं 'सहकार्य व्हावे' लिहू नकोस. काय काय पायजे ते एकेक लिही, आणि आवक नंबर घेतल्याबिगर हलू नकोस." मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत कामाचा ठरला.

काय काय हवं, हे ठरवायला मात्र वेळ लागला. वर्गातल्या सगळ्यांनी रेडियमची पट्टी सुचवली. नेपथ्याच्या कडेला, पायऱ्यांना तीच लावतात. पण इतक्या मंद उजेडात मला ती दिसत नाही. शेवटी माझ्या एका वर्गमित्राने जाड सुतळी जमिनीवर ठेवून वरून कापडी चिकटपट्टी मारली. अनवाणी पायाला ती लगेच जाणवते. रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून दोन पावलं आत एक सुतळी, विंगेकडे नेणारी एक, माझ्या बसायच्या जागेला एक आडवी. प्रेक्षकांना काही दिसत नाही, बाकी नटांना अडखळायला होत नाही, आणि खर्च चहापाण्याइतका. अर्जात मी एवढंच लिहिलं: सुतळीच्या खुणा, नेपथ्याची मांडणी पक्की झाल्यावर न सांगता न बदलणं, प्रवेशाचा इशारा प्रकाशाऐवजी आवाजावर, प्रयोगाआधी प्रत्यक्ष दिव्यांत एक पूर्ण तालीम, आणि तालीम संपण्याची ठरलेली वेळ. अंधार पडल्यावर रंकाळा स्टँड गाठणं मला एकटीला जमत नाही.

विभागात उत्तर मिळालं नाही म्हणून अर्ज विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक संस्थेत असावी लागते. तिच्यात किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातून किमान एक सदस्य हवा, विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय पटला नाही तर पुढे 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. मला तिथवर जावं लागलं नाही.

समितीपुढे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे होते. पहिला, "तुला सोय दिली तर इतरांशी तुलना कशी करायची?" मी म्हटलं, परीक्षक उच्चार बघतात, आवाजाची फेक, शरीराची भाषा, समोरच्याला दिलेली प्रतिक्रिया बघतात. अंधारात खुर्चीला न धडकता विंगेत जाणं याला गुणपत्रिकेत रकाना नाही. दुसरा प्रश्न दिग्दर्शक सरांचा होता आणि तो मला रास्त वाटला: ब्लॅकआऊट हा नाटकाचाच भाग असेल तर तो काढायचा का? नाही काढला. मधल्या ब्लॅकआऊटला मी जागेवरच थांबायचं आणि शेवटच्या वेळी सहकलाकाराने खांद्यावर हात ठेवून न्यायचं, असं ठरलं. तो हात पुढे त्या दोन पात्रांच्या नात्याचाच भाग वाटू लागला, म्हणून सरांनी उजेडातल्या एका प्रसंगातही तो ठेवला.

कुणीतरी त्या बैठकीत प्रेमाने म्हणालं, "गाणं घेतलं असतंस तर प्रश्नच नव्हता. पलुसकरांचं बघ." विष्णु दिगंबर पलुसकर आमच्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण त्यांची गोष्ट सांगून प्रत्येक कमी दिसणाऱ्या मुलाला पेटीसमोर बसवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. कुणाला तबला हवा असेल, कुणाला कथक, कुणाला नाटक. निवड त्याची असू द्या.

समिती तालमीच्या हॉलमध्ये आली, दिवे मालवून मी तो प्रवेश करून दाखवला, आणि मग फारशी चर्चा उरली नाही. तालमीच्या वेळेचा मुद्दा मात्र माझ्यापुरता राहिला नाही. कागल, पन्हाळा, राधानगरीकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलींनी स्वतःचे अर्ज जोडले. रात्री उशिरापर्यंत तालीम म्हणजे घरून "नाटक पुरे" असं ऐकायची तयारी, हे त्यांनी पहिल्यांदाच लिहून दिलं. आता सूचनाफलकावर तालमीची शेवटची वेळ आहे, आणि त्यापुढे थांबायचं असेल तर घरी पोहोचवायची व्यवस्था आधी सांगावी लागते. धोरणाच्या त्या एका पानाला दुसरं पान जोडलं गेलं. त्यात पहिलं वाक्य असं आहे की अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही भूमिका नाकारताना विभागाने लेखी कारण द्यावं आणि कोणते फेरबदल करून पाहिले ते नमूद करावं. मला सुतळीपेक्षाही हे वाक्य मोठं वाटतं.

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात मी लहानपणापासून नाटकं पाहिली. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाली तेव्हा आम्ही सगळे रडलो. पुनर्बांधणीची बोलणी सुरू झाली तेव्हा मी एकच विचारत होते: ग्रीनरूममधून रंगमंचावर व्हीलचेअर जाईल का? सोयीचा विषय निघाला की डोळ्यांसमोर प्रेक्षक येतो. अपंग माणूस तिकीट काढून बसलेलाच असेल असं गृहीत धरतात, तो तिसऱ्या घंटेला विंगेत उभा असेल हे मनात येत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. युवा महोत्सवात एकांकिका घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या मंचावर जावं लागतं, तिथं नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात आणि सुतळी चिकटवायला तेवढी पुरत नाहीत. मंच आदल्या दिवशी अर्धा तास मिळावा असा अर्ज आम्ही विद्यार्थी विकास विभागाकडे दिला आहे. त्यावर आवक नंबर आहे.