समोर वही दिसायला हवी

मार्च २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. त्याच दिवसांत पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या घरी चालणारा माझा गणिताचा क्लासही बंद पडला. नव्या दहावीच्या बावीस मुलांची नावं आली होती. अकरा वर्षं सतरंजीवर बसलेल्या मुलांना फळ्यावर शिकवलं होतं. ऑनलाइनची सवय अजिबात नव्हती.

पहिले पंधरा दिवस मी लॅपटॉपसमोर फळाच उभा केला. उजेड चमकायचा, आकडे दिसायचे नाहीत. मग टेबलावर पुस्तकांचे दोन गठ्ठे रचले, त्यावर आडवी फळी टाकली आणि मोबाइल पालथा ठेवला, कॅमेरा तेवढा कडेच्या बाहेर. खाली कोरा कागद आणि जाड स्केचपेन. माझा हात आणि अक्षर मुलांना स्वच्छ दिसू लागलं. पुढे लिहायची डिजिटल पाटीही घेतली, पण नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी त्यावर पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण वेगळीच होती. घरी मुलं समोर असली की कोणाचं पेन थांबलंय ते मला लगेच कळायचं. इथे मात्र मी विचारायचे, ‘समजलं का?’ आणि चॅटमध्ये भराभर ‘हो ताई’ यायचं. मी खूश होऊन पुढे जायचे.

जूनमध्ये एकसामयिक समीकरणं चालू होती. धायरीची एक मुलगी रोज ‘हो ताई’ लिहायची आणि चाचणीत शून्य. तिला एकटीला फोन लावला आणि म्हटलं, ‘चेहरा नको, कॅमेरा वहीवर धर आणि माझ्यासमोर सोडव.’ ३ एक्स + २ वाय = १८ आणि ३ एक्स − वाय = ९. तिने पहिल्यातून दुसरं वजा केलं. एक्स गेला, बरोबर. पुढे तिने लिहिलं, २ वाय − वाय, म्हणजे वाय = ९. वजा वाय वजा करायचा म्हणजे तो अधिक होतो, हे तिच्या हातून निसटत होतं. मी चूक सांगितली नाही. म्हटलं, ‘ताळा करून बघ.’ पहिल्यात एक्स शून्य आला, दुसऱ्यात वजा नऊ बरोबर नऊ! ती बराच वेळ गप्प होती. मग दुसऱ्या समीकरणाखाली तिने एकेक चिन्ह बदलून लिहिलं, ३ वाय = ९ काढलं आणि हळूच म्हणाली, ‘ताई, वाय तीन. एक्स चार.’

त्या दिवसापासून ‘समजलं का’ विचारणं मी सोडलं. बावीस जणांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येकाचा कॅमेरा वहीवर. झूमची फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांची, त्यात मी पंधरा मिनिटंच बोलायचे, बाकी वेळ त्यांच्या वह्या बघायचे. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, मध्ये बोलायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. शांतता पसरली की शिकवणाऱ्याला उत्तर सांगून टाकावंसं वाटतं, आणि सांगितलं की मूल विचार करायचं थांबतं.

वेळही बदलावी लागली. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर कामावर. म्हणून दोन तुकड्या रात्री साडेआठनंतर घेतल्या. गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी वीज जायची भीती असायची. त्यासाठी सहा-सात मिनिटांचे व्हिडिओ आधीच करून व्हॉट्सअॅपवर टाकून ठेवायचे. डेटा संपलेल्यांनाही ते उपयोगी पडले.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली. वर्षभर राबलेल्या त्या मुलांसाठी मला फार वाईट वाटलं.

आजही माझ्या दोन तुकड्या ऑनलाइन आहेत. बीजगणित, त्रिकोणमिती, संभाव्यता व्यवस्थित होतात. भूमितीच्या रचना मात्र नाही. कंपासची पकड सैल आहे की टोक सरकतंय, हे वरून कॅमेऱ्यात दिसत नाही. वर्तुळाला स्पर्शिका काढायची वेळ आली की मी मुलांना दोन रविवार घरी बोलावते, सतरंजी घालते आणि एकेकाच्या शेजारी बसते.