आधी पाणी, मग दिवा

दीपगृह बांधतात ते जहाजांनी खडकापासून चार हात लांब राहावं म्हणून. आणि दीपगृह बघायला गेलेले आपण गाडी लावली रे लावली की नेमके त्याच खडकावर उतरायला निघतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनमधल्या न्यूपोर्ट गावाच्या उत्तरेला याक्विना हेड नावाचं भूशिर आहे. पोर्टलंडहून अडीच तासांचा रस्ता. वर ९३ फुटी पांढरा मनोरा, त्याच्या पायथ्याशी लाकडी जिना, जिन्याच्या तळाशी काळ्या गोट्यांचा किनारा, आणि ओहोटी लागली की गोट्यांपलीकडे उघडी पडणारी खडकातली डबकी.

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. मनोरा लांबूनच दिसतो, म्हणून आधी मनोरा, मग फोटो, मग खाणंपिणं, आणि शेवटी ‘चला, खाली पण जाऊन येऊ’. तोवर डबक्यांवर कमरेएवढं पाणी चढलेलं असतं. मनोरा १८७३पासून जागेवर आहे, तो आणखी दोन तास थांबेल. पाणी थांबत नाही.

मुंबईत वाढलेल्यांना तिथीचा हिशेब ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हे गणित ऑरेगनला नेलं तर फसतं. अरबी समुद्राकडेही दिवसाच्या दोन ओहोट्या अगदी सारख्या नसतात, पण ऑरेगनला त्यांच्यातला फरक फार मोठा असतो. पहाटेची ओहोटी शून्याच्या दीड फूट खाली गेली, तर त्याच दिवशी संध्याकाळची शून्याच्या दोन-तीन फूट वरच अडते. दुसरीच्या भरवशावर गेलात तर हाती फक्त वारा लागतो. त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता बघताना वेळेआधी आकडा बघावा. हा आकडा फुटांत असतो, आणि त्याच्याआधी उणे चिन्ह असलं तर तो दिवस आपला. आपल्याकडच्या तक्त्यांत उणे आकडा क्वचितच भेटतो, कारण तिथलं शून्यच जवळपास सगळ्यात खालच्या पाण्यावर धरलेलं असतं. अमेरिकेच्या या किनाऱ्यावर रोजच्या दोनांपैकी खालच्या ओहोटीची सरासरी म्हणजे शून्य, म्हणून पाणी त्याच्याही खाली बरेचदा जातं.

पंचांग मात्र अगदीच टाकून द्यायला नको. मोठी ओहोटी इथेही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच येते. उन्हाळ्यात ती सकाळी लवकर येते, हिवाळ्यात दिवस मावळल्यावर. म्हणजे डबकी बघायची तर मे ते ऑगस्ट, आणि तेही गजर लावून. ओहोटीच्या वेळेला पोचायचं नाही, तिच्या एक-दीड तास आधी पोचायचं. उतरत्या पाण्यामागून पुढे सरकत जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. गाडीचा प्रवेश-पास तीन दिवस चालतो, तेव्हा पहिल्या दिवशी धुकं पडलं तरी बिघडत नाही. आणि धुकं पडतंच, उन्हाळ्यात तर हमखास.

खाली उतरल्यावर कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा ओळख पटते ती दगडाची. हा आपलाच काळा दगड, बसाल्ट. फक्त आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा सुमारे १.४ कोटी वर्षांचा, म्हणजे नातवंडाच्या वयाचा. लाव्हा इथे फुटला नाही. तो पार पूर्वेकडून, शेकडो मैल वाहत समुद्रापर्यंत आला आणि इथे थिजला. लाटांनी त्याचे तुकडे घोळून घोळून नारळापासून लिंबाएवढे गोटे केले आहेत. लाट मागे सरते तेव्हा परातीत सुपाऱ्या ओतून हलवाव्यात तसा आवाज सगळ्या किनाऱ्यावरून फिरतो. खिशात एखादा टाकावासा वाटतो. टाकू नये. इथून दगड, शंख-शिंपले, जिवंत-मेलेलं काहीही न्यायला बंदी आहे.

या गोट्यांवर चपला घालून येणारा माणूस परत जाताना लंगडतो. टाच धरून ठेवणारे, मऊ रबरी तळाचे बूट हवेत, घोट्याच्या वरपर्यंत आले तर उत्तम. गोटा डळमळतो, म्हणून पावलं आखूड टाकायची आणि पूर्ण भार द्यायच्या आधी पाय किंचित दाबून बघायचा. करडा कोरडा दगड भरवशाचा, चकचकीत काळा दगड फसवा. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा शेवाळाचा पातळ थर असतो. हिरवं दिसणारं शेवाळ त्या मानाने प्रामाणिक, निदान आधी सांगून पाडतं. समुद्राकडे पाठ करून वाकायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं लाटा शहाण्यासारख्या वागतात आणि मग एक लाट दुप्पट आत येते. पाणी भर उन्हाळ्यातही बारा अंशांच्या आसपास असतं. पडलं तर पोहता येण्याआधी श्वास अडकतो.

डबकं बघायचं म्हणजे एका जागी बसायचं. फिरत राहणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं. आपली सावली पाण्यावर पडू न देता दोन मिनिटं स्थिर राहिलं की तळाचा एक शंख उठून चालू लागतो. तो शंख नव्हे, शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा. कडेला ओल्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे बसवल्यासारखा एक खडबडीत गालिचा असतो. लोक त्यावर बिनधास्त पाय देतात आणि बुटाखालून बारीक चिळकांड्या उडतात. हा गालिचा म्हणजे मिटून बसलेली शेकडो छोटी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे सी अ‍ॅनिमोन नावाचे प्राणी. पाणी उतरलं की सुकू नये म्हणून ती अंगाला शिंपल्यांचा चुरा चिकटवून घेतात आणि आतलं पाणी धरून बसतात. चिळकांडी उडाली म्हणजे त्यांनी सहा तास पुरवायचं पाणी आपण एका पावलात सांडलं. ज्या दगडावर असला चुरा दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. त्यांचं मोठं भावंड, बशीएवढं हिरवंगार समुद्रफूल, डबक्याच्या पाण्यात उघडं दिसतं. हिरवेपणा त्याच्या स्वतःच्या रंगाचा आणि थोडा त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचाही.

खडकाची भिंत वरून खाली वाचत यावी. सगळ्यात वर बार्नॅकल, खडकाला कायमचे चिकटलेले कवचाचे छोटे जीव, उन्हात तासन्‌तास तग धरणारे. त्याखाली शिणाण्यांचा, म्हणजे खडकाला धरून राहणाऱ्या शिंपल्यांचा, काळानिळा पट्टा. आणि तो पट्टा जिथे एकदम तुटतो तिथून खाली जांभळ्या-नारिंगी तारामाशांचं राज्य. ती रेघ पाण्याने आखलेली नाही, तारामाशाने आखलेली आहे. तो शिणाणे खातो, पण फार वर चढला तर सुकतो. म्हणून वरचे शिणाणे वाचतात. १९६०च्या दशकात रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात खडकाच्या एका पट्ट्यावरून हे तारामासे सतत काढून समुद्रात फेकले, तर शिणाण्यांनी हळूहळू सगळी जागा बळकावली आणि बाकीचे जीव हुसकले गेले. २०१३-१४मध्ये रोगाने या किनाऱ्यावरचे तारामासे अक्षरशः विरघळले. आता पुन्हा दिसतात. दिसला की फोटोसाठी ओढून काढायचा मोह होतो. त्याचे शेकडो नळीसारखे पाय दगडाला चिकटलेले असतात. ओढलं की तारामासा हातात येतो आणि पाय दगडावर राहतात.

पाणी परत फिरलं की जिना चढायचा. वर जाऊन बूट बदलावेत, कारण पुढे मनोऱ्याचा लोखंडी गोल जिना आहे, ११४ पायऱ्यांचा.

मनोऱ्याला तीन लाख सत्तर हजारांवर विटा लागल्या. भिंत दुहेरी, मध्ये हवेची पोकळी, म्हणजे बाहेरची ओल आत झिरपत नाही. माथ्यावरचं फ्रेनेल भिंग पॅरिसमध्ये १८६८ साली घडवलेलं, सगळ्यात मोठ्या प्रतीचं. मधल्या काचा प्रकाश वळवतात, वरच्या-खालच्या लोलकांच्या ओळी तो परतवून त्याच आडव्या पट्ट्यात आणतात. त्यामुळे सुरुवातीला आत नुसती डुकराच्या चरबीच्या तेलाची वात असूनही काम भागलं. हे तेल थंडीत गोठायचं. रोज रात्री डबा हातात घेऊन याच पायऱ्या चढणाऱ्या दिवेवाल्यांचं कौतुक पन्नासाव्या पायरीच्या सुमाराला आपोआप वाटू लागतं.

न्यूपोर्टला आणखी एक दीपगृह आहे, खाडीच्या तोंडावर. लाकडी घर आणि त्याच्याच छपरावर दिवा. ते १८७१ साली पेटलं आणि १८७४ साली विझवलं, कारण याक्विना हेडच्या दिव्यापुढे त्याची गरज उरली नाही. तीन वर्षांची नोकरी. १९९६मध्ये ते पुन्हा उजळलं. परतीच्या वाटेवर आहे, बघावं.

याक्विनाचा दिवा पूर्वी स्थिर जळायचा, आता ठेका धरतो. अंधार पडल्यावर दक्षिणेच्या अ‍ॅगेट बीचवर उभं राहून मोजता येतो. दोन सेकंद उजेड, दोन अंधार, दोन उजेड, मग चौदा सेकंद अंधार. जहाजावरचा माणूस ते मोजून ओळखतो की हे याक्विना, आणि सकाळी आपण ज्या दगडांवर बसलो होतो त्यांना वळसा घालून निघून जातो.