पाण्यात उभं राहून रंग पाहायचे तर : सोलापूर ते टोकियो

टोकियोच्या टोयोसु भागात टीमलॅब प्लॅनेट्स हे प्रकाशाच्या कलेचं संग्रहालय आहे. तिथल्या गुडघाभर पाण्यातून बाहेर आलं की पाय पुसायला टॉवेल ठेवलेले असतात. तिथे सहलीला गेलेल्या सोलापूरच्या १४ जणांपैकी निम्म्यांनी पाय पुसायच्या आधी टॉवेल उलटा केला आणि पाइल, म्हणजे टॉवेलवरचे उभे धागे, चिमटीत धरून पाहिली. सवयच ती. गटात चादर-टॉवेलच्या धंद्यातली माणसं जास्त होती, म्हणजे जकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाइन काढणारे आणि रंगखात्यातले. शिवाय दोन चित्रकला शिक्षक आणि काहींच्या घरची मंडळी. वयं २४ ते ७१. पुढे असा गट नेणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढं इथे लिहिलं आहे.

टीमलॅब हा २००१ मध्ये सुरू झालेला जपानी गट. त्यात प्रोग्रामर, इंजिनिअर, अॅनिमेटर, वास्तुरचनाकार असे सगळे एकत्र काम करतात. टोकियोत त्यांची दोन मोठी ठिकाणं आहेत. प्लॅनेट्स जुलै २०१८ मध्ये उघडलं. बॉर्डरलेस आधी ओदाइबाला होतं, ते फेब्रुवारी २०२४ पासून आझाबुदाई हिल्सच्या तळघरात आहे. भिंतीवर किंवा पाण्यावर दिसतं ते आधी तयार करून ठेवलेलं चित्रण नसतं. संगणक ते त्या क्षणी काढत असतो आणि माणूस जवळ आला, थांबला, हात लावला की ते बदलतं. ‘मघाचं पुन्हा दाखवा’ ही सोय नाही.

दोन्हींपैकी एकच पाहायचं असेल तर गुडघ्यांचा विचार करून ठरवा. प्लॅनेट्समध्ये अनवाणी चालायचं, पाण्यातून जायचं, एका चढावर वरून वाहत येणाऱ्या पाण्यातून वर चढायचं आणि एका खोलीत पाऊल खोल रुतणाऱ्या मऊ जमिनीवरून पलीकडे जायचं. धडधाकट माणसालाही तिथे तोल सावरावा लागतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी दारातच कर्मचाऱ्याला सांगावं आणि अवघड जागा टाळून जायची वाट विचारून घ्यावी. बॉर्डरलेस कोरडं आहे आणि बूट-चपला घालून फिरता येतं. मात्र तिथे नकाशा नाही, ठरलेला मार्गही नाही. गुडघ्यांना ते बरं, पण हरवण्याची भीती वाटणाऱ्याला त्रासाचं.

कपड्यांचा घोळ सगळ्यांत जास्त होतो. प्लॅनेट्सला साडी नको. पाण्याचं कारण आहेच, शिवाय काही खोल्यांची जमीन आरशाची आहे, त्यामुळे परकर, स्कर्ट, घेरदार काही घालून जाणं अडचणीचं होतं. तिथे हाफपँट मागितली तर मिळते, पण सत्तरीच्या आजींना ती ऐन वेळी घालायला सांगण्यापेक्षा निघतानाच सैल पायजमा किंवा सलवार घातलेली बरी. पायजमा गुडघ्याच्या वर चांगला चार बोटं दुमडायचा. नुसता गुडघ्यापर्यंत दुमडला तर सुती कापड पाणी वर ओढतं आणि दहा मिनिटांत मांडीपर्यंत ओल चढते. हे सोलापूरकराला सांगायला नको, तरी तिघे भिजलेच. घट्ट जीन्स दुमडत नाही. बूट, पिशव्या लॉकरमध्ये जातात. मोबाइल गळ्यात अडकवायची जलरोधक पिशवी घरूनच न्या. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक आत चालत नाहीत.

तिकीट ऑनलाइन, तारीख आणि वेळ ठरवून घ्यायचं. दिवस आणि वेळेप्रमाणे दर बदलतो, म्हणून सगळ्यांचं एकदम काढा. वेळ निवडताना सूर्यास्त पाहा, हे फारसं कोणी सांगत नाही. प्लॅनेट्सच्या शेवाळाच्या बागेत माणसाएवढे अंडाकृती गोळे उभे आहेत. उजेडात ते चांदीसारखे चकचकतात आणि आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतात. अंधार पडला की ते आतून उजळतात. एकाला हलकेच ढकललं की तो डुलतो, आवाज करतो, रंग बदलतो आणि तोच रंग शेजारच्या गोळ्यांवर पसरत जातो. दोन्ही रूपं पाहायची तर सूर्यास्ताच्या दीड तास आधीची वेळ घ्यावी, म्हणजे पाण्याचा भाग संपवून ऐन तिन्हीसांजेला बागेत पोचता येतं. नोव्हेंबरअखेर टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या. सोलापूरच्या अंदाजानं गेलात तर चुकाल.

१४ जण एकत्र आत सोडू नका. सात-सातचे दोन गट करून त्यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. प्रत्येक वयस्कर माणसाबरोबर एक तरुण द्या. मोठा गट एका खोलीत शिरला की बोलणं सुरू होतं, एक जण ‘चला, पुढे’ म्हणतो आणि सगळे चालू लागतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी रंगीत तालीम घेतली होती. २० मिनिटं, बोलायचं नाही, मोबाइल पिशवीत, पाण्यावरचं देवळाचं प्रतिबिंब अंधारात कसं बदलतं तेवढंच पाहायचं. पहिल्यांदा सहाव्या मिनिटाला कुजबुज सुरू झाली. टोकियोत मात्र पाण्याच्या खोलीत हाच गट १५ मिनिटं गप्प उभा राहिला.

त्या खोलीत पाणी दुधाळ असतं, त्यावर प्रकाशाचे कोई (जपानी रंगीत) मासे पोहतात. मासा पायाला लागला की फुटून फुलं होतात आणि ती फुलं ऋतूप्रमाणे वेगळी असतात. चालत राहिलात तर सगळीकडे नुसत्या रंगाच्या रेघा दिसतात. एका जागी उभं राहिल्यावरच मासा येताना, वळताना, फुटताना दिसतो. भिंतीलगत उभं राहा, मागून येणाऱ्यांना वाट द्या. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, हेही थांबायचं एक कारण.

धंद्यातल्यांसाठी खरं काम एलईडीच्या माळांच्या खोलीत आहे. छतापासून जमिनीपर्यंत दिव्यांच्या माळा आणि चहूकडे आरसे. सोबत व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लाल, मरून, हिरवं, निळं, पिवळं, पांढरं असं सहा रंगांचं सूत, प्रत्येकी दहा-दहा वेढे गुंडाळून न्या. खोली निळी होते तेव्हा कार्ड पाहा. लाल आणि मरून दोन्ही काळे पडतात, ओळखू येत नाहीत, आणि पांढरं निळं होतं. लाल सूत फक्त लाल उजेड परत देतं आणि निळ्या उजेडात तो जवळपास नसतोच. उजेड एकात एक मिसळला की वाढतो, लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. पण लाल ताणा (उभे धागे) आणि हिरवा बाणा (आडवे धागे) लांबून पाहिला तर मळकट तपकिरी दिसतो, कारण सूत उजेड खातं आणि डोळ्याला उरलेल्याची सरासरी मिळते. ‘स्क्रीनवर झळकत होतं, मागावर मेलं’ ही प्रत्येक डिझाइनरची तक्रार इथूनच येते. स्क्रीनवर उजेड मिसळतो, मागावर सूत.

आणखी एक प्रयोग. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या, पण दोन वेगवेगळ्या रंगमिश्रणांनी रंगवलेल्या नेव्ही ब्लूच्या दोन पट्ट्या कार्डावर शेजारी ठेवा. बदलत्या उजेडात त्या मध्येच वेगळ्या दिसू शकतात. रंगखात्यात याला मेटामेरिझम म्हणतात आणि लाइट बॉक्स, म्हणजे वेगवेगळ्या उजेडात रंग ताडून पाहायची पेटी, त्यासाठीच असतो. पण बॉक्समध्ये डोकं घालून पाहणं वेगळं आणि स्वतः त्या उजेडात उभं राहणं वेगळं. बाहेर आल्यावर तेच कार्ड दिवसाउजेडी पुन्हा पाहायला विसरू नका. फोटोवर विसंबू नका. मोबाइल स्वतःच पांढरं दुरुस्त करत बसतो आणि निळी खोली फोटोत भलतीच येते. आमच्याकडे ठरलं होतं की बाहेर पडल्यावर २० मिनिटं बसायचं आणि फोटो न उघडता रंगीत पेन्सिलींनी आठवणारा एक रंग कागदावर उतरवायचा. शिक्षकांचे कागद नीटनेटके होते. रंगखात्यातल्या माणसानं आठ वेळा थर चढवून कागद फाडला, आणि त्याचाच रंग सगळ्यांत जवळचा निघाला.

मन हलकं होतं का? होतं, पण हा औषधोपचार नव्हे. घुमटाच्या खोलीत जमिनीवर आडवं पडून वरून येणारी फुलं पाहताना आपणच तरंगतो आहोत असं वाटतं. डोळे सांगतात हललो, कानातली तोलाची यंत्रणा सांगते हललो नाही, आणि काहींना गरगरतं. तसं झालं तर डोळे मिटून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवा, बहुधा कमी होतं. लखलखाटानं फिट येणाऱ्यांनी जाऊ नये, मायग्रेनवाल्यांनी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असेल तर आदल्या रात्री तळवे नीट तपासा. जखम असेल तर पाणी नको.

बॉर्डरलेससाठी वेगळा दिवस ठेवा. हिबिया मार्गावरचं कामियाचो स्टेशन त्याला जोडलेलं आहे. तिथल्या चहाघरात वेगळे पैसे देऊन चहा घ्या. कप समोर आला की चहाच्या पृष्ठभागावर प्रकाशाचं फूल उमलतं, कप उचलला की पाकळ्या विखरून जातात. पाय दुखणाऱ्यांना बसून पाहता येईल असं तिथलं हे सगळ्यांत सुंदर काम आहे. गटातल्या ७१ वर्षांच्या काकू तिथून पाऊण तास हलल्या नाहीत.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून टोकियो. घड्याळ साडेतीन तास पुढे. प्लॅनेट्सला युरिकामोमे गाडीचं शिन-टोयोसु स्टेशन अगदी लागून आहे. मेट्रोच्या टोयोसुला उतरलात तर दहा मिनिटं चालावं लागतं. वीज १०० व्होल्ट, प्लग दोन चपट्या पिनांचा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आठवडाभर टिकते, ती न्या. ताजी फळं, ओला कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ मात्र सामानात ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि प्लॅनेट्समध्ये शिरण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा. पायजमा दुमडून, अनवाणी, अर्ध्या वाटेत कुणाला आठवण झाली की सगळा गट थांबतो.