मिठाची चव कोण बघणार?

कच्च्या आहाराला डिसेंबरात सुरुवात केली, हा माझा पहिला गाढवपणा. त्या दिवसांत साताऱ्यात पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही आणि मी गार काकडी कचाकचा चावत बसलेली! पण रक्तातल्या साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाच्या काठावर आहात, वजन उतरवा." त्यातच ओळखीतल्या एकीनं एकवीस दिवस कच्चं खाल्लं होतं. मी उत्साहात एकवीसचे तीस केले.

नियम एकच: साधारण ४५ अंशांच्या वर तापलेलं काही खायचं नाही. कागदावर सोपं वाटतं. मग लक्षात आलं की चहा गेला, भाकरी गेली, भात गेला, भाजलेले शेंगदाणेसुद्धा गेले. दूध न तापवता आमच्या घरात घेत नाहीत, त्यामुळं दही-ताकही गेलं.

भुकेचं मी म्हणत नाही. पेरू, गाजर, बोरं, ओला हरभरा, मुळा, थंडीत मंडईत काय कमी असतं? भूक भागत होती, फक्त जेवायला पाऊण तास लागायचा आणि जबडा दुखायचा. खरी परीक्षा सकाळी सहा ते आठ. घरात पाच माणसं, चौघांचा स्वयंपाक माझ्याकडं. लसूण तेलात लालसर होतो, त्यात जिरं तडतडतं, वरून हिंग, आणि मी नाक दुसरीकडं करून कालथा हलवतेय. त्यात चव घ्यायची नाही! वीस वर्षं मी तळहातावर थेंबभर आमटी घेऊन मीठ ठरवत आले. डोळ्यांनी मीठ कळत नाही, हे चौथ्या दिवशी कळलं. आमटीत दोनदा पडलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, गुपचूप वाटीत तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. ह्यांनी मात्र गांधीजी काढले. "१९२९ साली त्यांनीपण कच्चं खायचा प्रयोग केला होता, पोट बिघडलं आणि सोडला."

मग आठवीतल्या मुलाला कामाला लावलं. शाळेच्या गडबडीत तो हात पुढं करायचा, मी थेंब टाकायची. आधी नुसतं "बरंय" म्हणायचा. आठवड्याभरात "आई, मीठ बरोबर आहे, आंबट कमीए" इथपर्यंत पोरगं आलं.

माझं पोट मात्र मटकीनं डब्ब झालं. रोज वाटीभर मोड आलेली कच्ची मटकी खात होते. त्यात कोरेगावहून वाघ्या घेवडा आला होता. वाटलं, हाही भिजवून मोड काढू. नशीब, आधी ओळखीतल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या ओरडल्याच. घेवडा, राजमा कच्चा पोटात गेला तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळं काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, चार-पाच दाणेही पुरतात. नुसतं भिजवून ते जात नाही, घेवडा खळखळून उकळावाच लागतो. मोड आलेली कडधान्यंही वाफवून खा म्हणाल्या, कारण ज्या ओल्या उबेत मोड येतात तिथंच जंतूही वाढतात. गाजर-टोमॅटोतलं काही सत्त्व तर शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, जास्त अंगी लागतं. आणि दूध-दही बंद म्हटल्यावर बी-१२ कुठून आणणार, ते वनस्पतींत नसतंच. मी तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण हट्ट!

मला तारलं सासूबाईंनी. एका दुपारी त्यांनी कोवळी मेथी बारीक चिरली, कांदा, मीठ, तिखट, कच्चं तेल घालून हातानंच घोळली. मेथीचा घोळाणा. "आम्ही जल्मभर कच्चंच खाल्लं की गं," म्हणाल्या, "फक्त भाकरीसंगं." कूट भाजलेल्या दाण्यांचा चालत नव्हता, म्हणून भिजवलेले दाणे ठेचून घातले. चव निम्मी झाली, पण त्या दिवशी एकोणीस घास मोजून खाल्ले आणि पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

मोडलं ते विसाव्या दिवशी, रहिमतपूरकडं ह्यांच्या मित्राच्या रानात. हुरड्याचं बोलावणं, नाही कसं म्हणणार? आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं. मी भाबडेपणानं म्हटलं, मला कच्चाच द्या. मित्राचे वडील कणीस तळहातावर चोळत होते. वर न बघताच म्हणाले, "ताई, कच्चा हुरडा पाखरं खात्यात." आणि फुंकर मारून भुसकट उडवलेले हिरवे, वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत ओतले. चटका बसला. हात मागं घेतला असता तर दाणे मातीत पडले असते, म्हणून तोंडात टाकले. मग लसणाची चटणी, मग दुसरी ओंजळ. किती अंश होते देव जाणे.

वजन तीन किलो उतरलं. एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून पुन्हा तपासणी मार्चमध्ये. सध्या दुपारपर्यंत फळं आणि कच्चं, मटकी वाफवून, रात्री भाकरी-भाजी आणि घोळाणा. चहा दिवसातून एकच, बिनसाखरेचा. मीठ अजून मुलगाच बघतो. मी आधी चाखलं तर त्याला राग येतो.