काशानच्या कृतीने केलेली दौत

इराणमधल्या काशानची बाराव्या-तेराव्या शतकातली लस्टरची, म्हणजे धातूसारखी चमक असलेल्या नक्षीची, भांडी पाहिल्यापासून तसं काहीतरी स्वतःच्या भट्टीत करायचं होतं. ताट-वाडगा नको, लिहिणाऱ्याच्या हाताशी राहील अशी दौत.

कृती उपलब्ध आहे. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने ती १३०१ मध्ये लिहून ठेवली: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. या मिश्रणाला चिकटपणा जवळजवळ नाहीच, चाकावर घेतलं की कड फाटते. म्हणून थोडा डिंक घालून साच्यात दाबून दौत काढली. वर कथिलाचं पांढरं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, आणि पहिली भाजणी.

मग रंगकाम. चांदी-तांब्याची संयुगं, पिवळी माती आणि व्हिनेगर यांचं तपकिरी लुकण भाजलेल्या ग्लेझवर लावायचं. काशानचे कारागीर भरलेल्या रंगातून बारीक वेल खरवडत, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडे. मी बोरूच्या टोकाने खरवडलं. लुकण ओलं असलं तर रेघेच्या कडा पसरतात, पार सुकलं तर खपल्या उडतात. दौतीच्या उतरत्या खांद्यावर हात टेकायला जागा नसते. बोरू स्थिर धरून डाव्या हाताने दौतच फिरवत राहिले, तेव्हा वेल जमू लागली.

खरी कसोटी दुसऱ्या भाजणीची. साधारण ६५० अंशांना ग्लेझ जेमतेम मऊ पडतं, तेव्हा हवा कोंडून धूर करायचा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड संयुगांतला ऑक्सिजन खेचून घेतो आणि चांदी-तांब्याचे अतिसूक्ष्म कण ग्लेझच्या वरच्या थरात तयार होतात. अबुल कासिम ७२ तास हलका धूर द्यायला सांगतो. माझ्या छोट्या गॅसभट्टीत काही तास पुरले. रंग कितपत आला ते बघायला त्याच लुकणाने रंगवलेल्या कड्या भट्टीच्या भोकापाशी ठेवल्या होत्या. सळईने एकेक काढून, गार करून पुसायची. आधी नुसता पिवळट डाग, मग सोनेरी. तांबूसपणासाठी आणखी धूर द्यावासा फार वाटला, पण ग्लेझ काळवंडायची भीती. गॅस बंद केला.

गार झालेल्या दौतीवर काळी खरपुडी होती. अबुल कासिमने सांगितल्याप्रमाणे ओल्या मातीने चोळली. समोरून बघितलं तर तपकिरी, तिरकी धरली की सोनं, कडेला निळसर झाक! एका बाजूला धूर कमी पोचल्याने वेल फिकट आहे.

आत रेशमाचा पुंजका घालून शाई ओतली. बोरूला बेताचीच शाई लागते आणि टोकही तळाला आपटत नाही. आता कलमदान करायचं आहे. त्या लांबट पेटीला सगळीकडून सारखा धूर लागावा म्हणून आधी भट्टीतली मांडणी बदलते आहे.