माळावर झाडं लावू नका, प्लीज

दिवाळीला गावी गेले की पहाटे एकदा तरी माळावर जाऊन येतेच. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर, मांजरा नदी इकडंच उगम पावते. यावेळी गेले तर अर्ध्या माळावर ओळीनं खड्डे आणि खड्ड्याखड्ड्यात गिरीपुष्पाचं रोप. गाव खुश, कारण सरकारी भाषेत असले माळ म्हणजे 'पडीक'.

पडीक कसला हो! कुसळीचं बी बघितलंय का कधी नीट? त्याची ती काळी शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की परत पीळ घेते आणि असं फिरत फिरत बी स्वतःच मुरमात घुसतं, कुणी पेरायची गरजच नाही. या गवताच्या जिवावर ससे, तितर, खोकड, काळवीट, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे. ते झाडावर नाही झोपत, संध्याकाळी एकेक करत गवतातच उतरतात, जमिनीवर. झाडांची गर्दी झाली तर ते उतरणार कुठं?

मेंढरं घेऊन आलेले मामा भेटले, म्हणाले, "पोरी, सावलीला एक बाभळ बास हाय, मेंढरू काय खाईल ते सांग."

हीच चूक स्कॉटलंडमध्ये झालीय. तिथं उत्तरेला फ्लो कंट्री म्हणून दलदलीचा प्रचंड माळ आहे. अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे थर हजारो वर्षं साचून झालेली माती, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारी, आणि त्यात कार्बन साठलेला. 1980च्या दशकात टॅक्सची सवलत मिळते म्हणून लोकांनी तिथं चर खोदून पाणी काढलं आणि परदेशी सूचिपर्णी झाडं लावली, माती सुकली, साठलेला कार्बन हवेत जायला लागला, जमिनीवर घरटी करणारे पक्षी हटले. आता तीच झाडं तोडून चर बुजवतायत! 2024 ला तो माळ जागतिक वारसा झाला. आपला माळ कोरडा, त्यांचा ओला, पण आपल्याकडं पण गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीतच असतो, वर दिसत नाही एवढंच.

झाडं लावा ना, बांधावर लावा, शाळेत लावा, ओढ्याच्या कडेला लावा. पुढच्या ग्रामसभेला मी सुट्टी काढून जाणारे, मामापण येतो म्हणालेत. खालच्या अंगाचा तुकडा, जिथं भोवत्या उतरतात, तिथं अजून खड्डे पडले नाहीयेत, तेवढा तरी सोडा एवढंच मागणारे.