तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चेडवाक नर्सिंगाक घालू काय?’

कुडाळच्या बाजारात, एसटीत, कुणाच्या तेराव्याला, परवा तर मासळीवाल्या बाईच्या पाटीवर वाकून बांगडे निवडत असताना. प्रश्न तोच, मुलीला नर्सिंगला घालू का. “सिस्टर, आमच्या चेडवाक नर्सिंगाक घालूचा म्हणतंय. कसा काय?” बारावीचा निकाल लागला की पाऊस पडेपर्यंत हे चालतं. मी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं, महत्त्वाचं राहिलंच. म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी ते कोर्सचं उरकू, कारण अर्धे लोक तेवढ्यासाठीच थांबवतात. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, दोन वर्षांचं. पुढे उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून काम. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचं. आमच्या वेळी साडेतीन होती. बारावी आर्ट्सची मुलगीही त्याला चालते. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं, त्याला मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएमनंतर दोन वर्षं शिकून पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, तेव्हा सायन्स नाही म्हणून रडत बसू नका. एक गोष्ट मात्र फी भरण्याआधी बघा: कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि मुलींना प्रत्यक्ष शिकायला किती खाटांचं हॉस्पिटल मिळतं. इमारतीचा रंग बघून प्रवेश घेतलेल्या मुली मी बघितल्यात. तीन वर्षांत एक बाळंतपण नीट बघायला मिळालेलं नसतं.

“नोकरी लागते ना?” लागते. कसली, ते वेगळं. खाजगीत सुरुवातीचा पगार ऐकून बाप गप्प होतो. सरकारी भरती निघते तेव्हा निघते. मधल्या काळात कंत्राटावर वर्षानुवर्षं काढणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत. आखातात, जर्मनीत जाणाऱ्या आहेत, पण जर्मनीला जायचं तर आधी जर्मन शिकावं लागतं.

आता जे बाजारात सांगायचं राहून जातं ते.

पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं काय, तर बिछाना घालायला. चादरीचा कोपरा असा दुमडायचा की रुग्णाने कूस बदलली तरी सुटता कामा नये. मला राग आला होता. हे तर आईने शिकवलेलं. मग श्वास मोजायला शिकवलं. रुग्णाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे. पूर्ण एक मिनिट. करून बघा, मिनिट किती मोठं असतं ते कळेल.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात रात्री एक माणूस आला. गवत कापताना पायाला काहीतरी लागलं म्हणाला, बहुतेक काटा. दोन बारीक ठिपके होते. आमच्याकडे फुरसं, तो विषारी साप, काही नवं नाही. वीत-दीड वीत लांबीचं, पाचोळ्यात दिसतही नाही, आणि विष रक्तावर जातं. डॉक्टरांनी रक्त गोठण्याची तपासणी सांगितली. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. मशीन नाही, काही नाही, नळी आणि घड्याळ. दहाव्या मिनिटाला नातेवाईक विचारायला आले, आणि मी नळी उचलून बघितली.

वॉर्डाच्या प्रमुख परिसेविका बाईंनी ते बघितलं. “नळी हलवलंस मा? आता परत रगात काढ. आणि हयच उभी रव.”

परत रक्त काढताना त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती. पण या वेळी मी नळीला हात लावला नाही, त्याच्याजवळच बघत उभी राहिले. सातव्या-आठव्या मिनिटाला तो थुंकला. थुंकीत लाल धागा. हिरड्या बघितल्या, कडेने रक्त पाझरत होतं. मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळीची वाट न बघता सर्पदंशाच्या लसीच्या दहा बाटल्या लावायला सांगितल्या. लसीचीच रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवलं आणि पुन्हा तेच: बघत उभी. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं. चौथ्या दिवशी तो चालत घरी गेला. जाताना डॉक्टरांच्या पाया पडला. मला म्हणाला, “चाय मस्त होती हा तुमची.” चहा मी दिलाच नव्हता.

तर मुलीला रक्त बघून चक्कर येते का, हे विचारू नका. मलाही यायची, महिन्याभरात जाते. पाहुणे येऊन गेल्यावर कोण जेवलं नाही, हे तिच्या लक्षात येतं का, ते बघा. आजीच्या पायाला सूज आहे हे घरात पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आठवा. लावणीच्या दिवसांत तापाने आलेल्या माणसाला “शेतात उतरला होतास? पायाला जखम होती?” हे विचारावं लागतं, नाहीतर लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप, हातातून निसटतो. २०१६ साली दोडामार्गकडे गोचिडीतून होणारा माकडताप आला, तेव्हापासून रानात, काजूच्या बागेत कोण गेलं होतं तेही विचारतो.

रात्रपाळी करणाऱ्या मुलीचं लग्न जमतं का, याचं उत्तर मी देत नाही. माझं जमलं.

त्या दिवशी बांगड्यांच्या पाटीपाशी ती मुलगी आईच्या मागेच उभी होती. पंधरा मिनिटं आम्ही तिच्याबद्दल बोलत होतो, तिच्याशी नाही. शेवटी मीच म्हटलं, “बाय, तुका काय विचारूचा हा?”

“सिस्टर, चवथीक सुट्टी गावता काय ओ?”

खरं सांगितलं. आमच्याकडे एक ख्रिश्चन सिस्टर आहे. चवथीच्या रात्री ती माझी ड्युटी घेते, नाताळात मी तिची. तरी पहिल्या दिवसाची आरती मला दर वर्षी मिळतेच असं नाही.

“आणि तशी कोण नसली तर?”

तर मोदक डब्यातून वॉर्डात येतात, म्हटलं. गार झालेले.